जुन्या रोड बाइकची किंमत पारखायची कशी?

मी घेतलेल्या दुसऱ्या जुन्या रोड बाइकचा रंग सुरेख होता, फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या पोलादी नळीचं स्टिकर शाबूत होतं आणि चाकं सरळ फिरत होती. सीट मला तीन सेंटिमीटर उंच पडत होती, पण सीट काय, खाली करता येते, असं धरून मी पैसे दिले. घरी आणून बोल्ट सैल केला तर सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, जागची हलेना. पोलादी नळीत ॲल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षं तशीच राहिली होती आणि दोन धातू एकमेकांना गंजून चिकटले होते. तेल झालं, अमोनिया झाला, शेवटी पोस्ट कापून आतला तुकडा करवतीच्या पात्याने उभा चिरत बाहेर काढावा लागला. या खटाटोपाला सायकलच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला.

तेव्हापासून सायकल पाहण्याचा माझा क्रम ठरून गेला. जे दुरुस्त होत नाही किंवा करणं परवडत नाही ते आधी, मग फ्रेमचा दर्जा, मग झिजलेले भाग, आणि डाउन ट्यूबवरचं, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवरचं, नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

सोबत मोजपट्टी, जमल्यास व्हर्नियर कॅलिपर, टॉर्च, तीनएक मीटर दोरा, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की आणि एक फडकं असू द्या. फडकं विसरू नका. तडे मळाखाली लपतात.

आधी फ्रेम, तीही पुढून

जुन्या सायकलीचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे समोरून बसलेली धडक. तिची खूण ठरलेल्या जागी सापडते. हेड ट्यूबच्या (हँडलखालची आखूड उभी नळी) लगेच मागे, डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला आणि टॉप ट्यूबच्याही (वरची आडवी नळी) खालून, बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारी सुरकुती बोटाला लागते. तिथे रंगाला आडव्या बारीक भेगा असतील किंवा नळी किंचित फुगल्यासारखी वाटत असेल, तर फ्रेमने मार खाल्लेला आहे. अशी फ्रेम नीट करणारे कारागीर असतात, पण नळी बदलणं हे फार थोड्या फ्रेम्सच्या बाबतीत परवडतं. बाकीच्यांची किंमत मग फक्त सुट्या भागांची.

मग सायकल बाजूने बघा. हेड ट्यूबची रेषा मनात खाली वाढवा. पोलादी फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या काट्याचे, दोन्ही पाय वाकायला सुरुवात होईपर्यंत, म्हणजे वरचा सरळ भाग, याच रेषेत हवेत. ते रेषेच्या मागे झुकले असतील तर फोर्क मागे दबलेला आहे. विकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही, कारण सायकल तरीही चालते.

मागचा भाग सरळ आहे का हे दोरा सांगतो. मागचं चाक काढा. एका ड्रॉपआउटला (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो ती खाच) दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. आता सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि दोरा यांतलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सोडून द्या. तीनच्या पुढे गेला तर विचारायला हवं. पोलादी फ्रेम सरळ करता येते, ॲल्युमिनियम आणि कार्बन नाही.

तडे शोधायच्या जागा: ड्रॉपआउट जिथे नळ्यांना जोडला आहे तिथे, बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलच्या दांड्यांचा अ‍ॅक्सल जिच्यात फिरतो ती पेटी) चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) मुळाशी, सीटच्या बोल्टच्या कानाशी, आणि डाउन ट्यूबवर गियरच्या दांड्या बसवल्या आहेत तिथल्या सांध्याभोवती. पोचा मात्र तडा नव्हे. टॉप ट्यूबला हँडल आपटून पडलेला लहान पोचा असेल तर थोडी किंमत कमी करा आणि पुढे चला.

गंजाचं तसंच. वरवरचा गंज रंग उडालेल्या जागी दिसतो, तो खरवडून निघतो. भीती आतल्या गंजाची. सीटपोस्ट काढून टॉर्चने सीट ट्यूबमध्ये बघा, मग सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या खालची बाजू पाहा, कारण सगळं पाणी तिथे उतरतं. रंगाखाली बुडबुड्यांसारखे फोड आले असतील तर नखाने दाबा. नळी तिथे मऊ लागली तर ती फ्रेम घेऊ नका.

आणि सीटपोस्ट तुमच्या हाताने हलवून बघा. हँडलचा स्टेमही, म्हणजे हँडल धरणारा तुकडा. स्टेमचा वरचा बोल्ट दोन-तीन वळसे सैल करून हलका ठोका द्या, तो सुटला पाहिजे. "सुटेल, जरा तेल टाका" या आश्वासनाची किंमत मी पुरेपूर मोजली आहे. पोस्ट हलली नाही तर ती कायमची अडकलीय असं धरूनच बोला.

फ्रेमचा दर्जा: सीटपोस्टचं माप काय सांगतं

जुन्या पोलादी फ्रेम्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि बाहेरून तो फारसा कळत नाही. चांगली नळी टोकांना जाड आणि मधे पातळ ओढलेली असते, कारण सांध्याला ताकद हवी आणि मधे वजन नको. रेनॉल्ड्स ५३१ ही अशी मिश्रधातूची नळी १९३५ साली आली आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकलींत राहिली. इटलीच्या कोलंबसच्या एसएल आणि एसएलएक्स, जपानच्या टांगे आणि इशिवाता यांच्या वरच्या नळ्या, या सगळ्या त्याच जातीच्या. स्टिकर असेल तर ते पूर्ण वाचा. नुसतं ५३१ लिहिलंय, की फोर्क आणि मागच्या नळ्यांचाही उल्लेख आहे? काही फ्रेम्समध्ये फक्त तीन मुख्य नळ्या चांगल्या आणि बाकी साधं पोलाद असायचं, आणि स्टिकरच तसं सांगतं.

पण स्टिकर निघून जातं, नवं लावताही येतं. सीटपोस्टचं माप असं बदलत नाही. बहुतेक जुन्या फ्रेम्सच्या सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो. पोस्ट २७.२ मिमीची असेल तर नळीची भिंत जेमतेम ०.७ मिमी उरते. म्हणजे पातळ, हलकी, चांगल्या पोलादाची नळी. पोस्ट २५.४ किंवा २५.८ ची असेल तर भिंत जवळजवळ दीड मिलिमीटर, म्हणजे साधं जड पोलाद. २६.२ ते २६.८ मधली मापं मधल्या दर्जाची. जुन्या फ्रेंच फ्रेम्स अपवाद आहेत. त्यांची नळी २८ मिमीची असते, म्हणून २६.४ ची पोस्टसुद्धा तिथे उत्तम दर्जा दाखवू शकते. पोस्ट बसवलेली योग्य मापाचीच आहे ना, तेही बघा. बारीक पोस्ट आवळून सीट ट्यूबचं तोंड चिमटलेलं असतं कधीकधी.

दुसरी खूण मागच्या ड्रॉपआउटची. चांगल्या सायकलीत तो जाड आणि घडवलेला असतो, आणि डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बसवायचा कान त्याचाच भाग असतो. स्वस्त सायकलीत ड्रॉपआउट पत्र्यातून कापलेला असतो आणि डिरेलर वेगळ्या पट्टीवर, चाकाच्या नटाखाली अडकवलेला. हँडलच्या स्टेमवर गियरच्या दांड्या, ब्रेकला आडवी जादा लिव्हर, क्रँक (पेडलची दांडी) खुंटीने ठोकलेली, पोलादी चकचकीत रिम, हे सगळं एकत्र दिसलं तर सायकल सुरुवातीच्या वर्गाची आहे. ती चालवायला वाईट असते असं नाही. पोलादी रिमवर पावसात ब्रेक लागत नाहीत, एवढं मात्र पक्कं.

उचलून बघा. साधारण १० किलोच्या आसपास असेल तर दर्जा वरचा. १४-१५ किलो असेल तर स्टिकर काहीही म्हणो, दर्जा साधाच. अमेरिकेतली श्विन व्हर्सिटी १८ किलोच्या घरात होती आणि दिसायला पूर्ण रोड बाइक होती.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: जुनं म्हणजे दुर्मीळ नाही. १९७० ते १९७४ या काळात अमेरिकेत सायकलींची लाट आली होती आणि तेव्हाच्या दहा गियरच्या सायकली लाखोंनी विकल्या गेल्या. त्या पन्नास वर्षांच्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेक साध्या आहेत आणि अजून खूप शिल्लक आहेत. उलट १९८० च्या दशकातल्या जपानी सायकली, मियाता, फुजी, पॅनासॉनिक, सेंच्युरियन, यांचं काम अतिशय सफाईदार असतं आणि नावाला इटालियन वलय नसल्याने त्या पुष्कळदा कमी किमतीत मिळतात. चालवायला सायकल हवी असेल तर मी आधी याच शोधतो.

वय काढायचं ते भागांवरून

विकणारा सांगतो ते वर्ष ऐकून घ्या, पण भाग वाचा. सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी शिमानो कंपनीच्या जुन्या क्रँकच्या आतल्या अंगाला किंवा डिरेलरच्या मागे दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. १९७६ साठी 'ए', पुढच्या वर्षासाठी 'बी', असं करत २००१ ला 'झेड' आणि २००२ पासून पुन्हा 'ए'. 'के' आणि 'डी' असेल तर एप्रिल १९८६. इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीच्या नुओवो रेकॉर्ड या मागच्या डिरेलरवर 'पेटंट' आणि पुढे दोन आकडे असतात, ७७ म्हणजे १९७७. अशा तीन-चार भागांची वर्षं जवळपास असतील तर सायकल मूळ भागांसह आहे. एखादाच भाग दहा वर्षं पुढचा निघाला तर तो नंतर बदललाय.

गियर कसे बदलतात यावरूनही काळ कळतो. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस या आपल्या सर्वात वरच्या मालिकेत टकटक करत नेमक्या जागी बसणारे गियर आणले, १९९० मध्ये ब्रेक आणि गियर एकाच लिव्हरमध्ये आले, १९९२ मध्ये कॅम्पान्योलोने तशीच एर्गोपॉवर लिव्हर आणली. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही रेघ महत्त्वाची आहे. एकत्रित लिव्हर असलेली सायकल बहुतेकांना जास्त हवीशी वाटते, पण लिव्हरच बिघडली तर खर्चही मोठा. शिमानोच्या जुन्या लिव्हर बऱ्याचदा आतलं ग्रीस सुकल्यामुळे अडकतात आणि धुऊन तेल दिलं की चालतात, पण आतला भाग तुटला असेल तर उघडून दुरुस्त करण्याजोग्या नसतात. कॅम्पान्योलोच्या जुन्या एर्गोपॉवर उघडून स्प्रिंग बदलता येते. प्रत्येक गियर वर-खाली तीनदा टाकून बघा.

मापं जुळतात का

दिसायला कंटाळवाणा, पण खिशाला सर्वात भिडणारा भाग हाच.

चाक: टायरवर शेवटचे तीन आकडे वाचा. ६२२ असेल तर ७००सी, आजच्या रोड बाइकचंच माप. ६३० असेल तर जुनं २७ इंची. त्याचे टायर मिळतात, पण निवड थोडी. ७००सी चाकं घालायची झाली तर रिम ४ मिमी खाली येते, आणि ब्रेकचे पॅड तितके खाली सरकतात का ते आत्ताच पाहून घ्या. रिमला टायर चिकटवलेला असेल, म्हणजे ट्यूब आतच शिवलेला ट्यूब्युलर, तर चाकांचा खर्च वेगळा धरा.

मागच्या हबची (चाकाचा मधला भाग) रुंदी: दोन्ही ड्रॉपआउटच्या आतलं अंतर मोजा. १२० मिमी म्हणजे पाच गियरचा काळ, १२६ म्हणजे सहा-सात, १३० म्हणजे आठ आणि पुढे. पोलादी फ्रेम १२६ ची १३० करता येते, तेही जाणकाराकडून. ॲल्युमिनियम आणि कार्बनला हात लावू नका.

बॉटम ब्रॅकेटचे आटे: इंग्लिश असतील तर काळजी नाही. त्यांची पेटी ६८ मिमी रुंद असते आणि उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. इटालियन ७० मिमीची, दोन्हीकडे सुलटे आटे. तेही मिळतात. अडचण जुन्या फ्रेंच सायकलींची. १९७० च्या दशकातल्या कित्येक प्यूजो सायकलींमध्ये बॉटम ब्रॅकेट, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), स्टेम, कधी पेडलसुद्धा वेगळ्या मापांची असतात. स्टेम २२.२ ऐवजी २२ मिमीचा, पेडलचे आटे १४ मिमीचे. त्याच काळातले सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीचे प्लास्टिकचे डिरेलर तडकतात. प्यूजोची पीएक्स-१० ही ५३१ ची सुंदर सायकल आहे, मी ती नाकारणार नाही. पण एखादा भाग गहाळ असेल तर तो शोधण्यातले महिने किमतीत धरीन. मागच्या हबला 'हेलिकोमॅटिक' लिहिलेलं दिसलं तरी तेच, त्याचेही भाग शोधत बसावं लागतं.

काही भाग असे आहेत की ते दिसले की बदलायचेच. लँबर्ट आणि व्हायकाउंट सायकलींचे जुने ॲल्युमिनियम फोर्क तुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्यामानाने अलीकडच्या सायकलींत, जून २०१२ ते जून २०१९ दरम्यान बनलेल्या शिमानोच्या ११ गियरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस मालिकांच्या, तुकडे चिकटवून बनवलेल्या क्रँक उकलू शकतात म्हणून कंपनीने २०२३ मध्ये तपासणीची मोहीम काढली. त्या काळातली सायकल असेल तर तपासणी झालीय का ते विचारा.

ॲल्युमिनियम आणि कार्बन

जुन्या ॲल्युमिनियमला थकवा येतो. तो पोलादासारखा आधी सूचना देईलच असं नाही. व्हिटस ९७९ सारख्या फ्रेम्स नळ्या चिकटवून बनलेल्या आहेत, त्यांच्या सांध्यांपाशी नळी हलते का, कुरकुर येते का, ते बघा. वेल्डिंग केलेल्या फ्रेममध्ये वेल्डच्या कडेने जाणारी केसासारखी रेघ शोधा.

१९८६ साली अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडने लूक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, म्हणजे कार्बनच्या जुन्या सायकलीही आता चांगल्याच जुन्या आहेत. कार्बन नाण्याने हलक्या हाताने ठोकत जा. आवाज टणक असतो, मधेच एका जागी तो बद्द झाला तर आत थर सुटलेले असण्याची शक्यता आहे. फोर्क काढून त्याची आतली दांडी, विशेषतः स्टेम आवळतो तिथे आणि खालच्या बेअरिंगच्या वर, पाहायला मिळाली तर पाहाच. विकणारा फोर्क काढू देत नसेल तर मी जुनी कार्बन सायकल घेत नाही. पोलाद घेताना मी इतका हट्ट करत नाही.

झीज

चेन मोजा. एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा, नव्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेला असेल तर मागच्या चक्र्यांचा संचही (फ्रीव्हील किंवा कॅसेट) गेला असं धरा, आणि पुढच्या चक्रीचे दाते एका बाजूला हुकासारखे झुकलेत का पाहा.

रिमच्या कडेवर, जिथे ब्रेक घासतो, पट्टी उभी धरा. मधे उजेड दिसला, म्हणजे कड आत खोल गेली असेल, तर रिमचं आयुष्य संपत आलंय. चाक फिरवून आउट, म्हणजे डावी-उजवीकडे डुलणं, किती ते बघा. थोडं आउट असलेलं चाक स्पोक आवळून सरळ होतं. पण एकाच बाजूच्या स्पोकांपैकी काही फार ताठ आणि काही सैल असतील तर रिमच वाकलेली असण्याची शक्यता आहे. हबचा अ‍ॅक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली तर छर्रे आणि ग्रीस, पण टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखं झालं तर आतल्या वाटीला खड्डे पडलेत.

हँडल मधोमध येऊन खटकन बसत असेल तर हेडसेटच्या वाट्यांना खड्डे. ब्रेकच्या लिव्हरवरचं रबर फाटलंय का तेही बघा. काही जुन्या मॉडेलची रबरं शोधायला त्रास आणि पैसे दोन्ही लागतात. टायर, केबल, ब्रेकचे पॅड आणि हँडलची पट्टी कितीही छान दिसली तरी दहा वर्षं उभ्या असलेल्या सायकलीवर मी ती नवीच धरतो.

मग चालवा. हलक्या हाताने हँडल धरून सरळ रस्त्यावर सायकल एकीकडे ओढते का, उभं राहून पेडल मारताना कुठून आवाज येतो, दोन्ही ब्रेक आवळल्यावर पुढचा भाग थरथरतो का.

आता हिशोब

सुरुवात करा ती याच दर्जाची, चालू स्थितीतली सायकल प्रत्यक्षात किती किमतीला विकली जाते, या आकड्यापासून. लोक किती मागतात त्या आकड्यापासून नव्हे. मागितलेले आकडे महिनोन्महिने तसेच पडून असतात. चार-पाच झालेले व्यवहार शोधा आणि मधला आकडा घ्या.

उदाहरणादाखल तो आकडा १०० धरू. तुमच्या समोरच्या सायकलीला टायर-ट्यूब १४, केबल आणि हँडलची पट्टी ८, ब्रेक पॅड ४, चेन आणि फ्रीव्हील १२, हब-हेडसेट-बॉटम ब्रॅकेटचं छर्रे-ग्रीसचं काम १०. बेरीज ४८. उरले ५२. त्यातून अजून उघडून न पाहिलेल्या गोष्टींसाठी १० वजा करा. ४२ च्या आसपास ती सायकल घेण्यासारखी आहे. कामं स्वतः करता येत असतील तर मजुरीचे १० तुमचे, पण ते बोलणीत सोडू नका. तुमचा वेळ विकणाऱ्याने दिलेला नाही.

दोन गोष्टी हा हिशोब बदलतात. एक, माप. टॉप ट्यूबची लांबी तुम्हाला बसत नसेल तर कितीही स्वस्त सायकल तुमच्यासाठी महाग. खूप लहान आणि खूप मोठ्या फ्रेम्सना गिऱ्हाईक हळू मिळतं, म्हणून पुढे विकायची असेल तर आणखी कमी द्या. दोन, मूळपण. वरच्या दर्जाच्या फ्रेमवर मूळ रंग, मूळ भाग आणि जुळणारी वर्षं असतील तर ओरखड्यांचे पैसे कापू नका. उलट नव्याने रंगवलेली असेल तर कापा, कारण नवा रंग पोचे आणि दुरुस्त्या झाकतो. मधल्या दर्जाच्या सायकलीला मूळपणाची किंमत जवळजवळ नाही, तिथे नवे चांगले भाग हाच फायदा.

फ्रेम गेलेली असली तरी सायकल शून्य होत नाही. चांगला ग्रुपसेट (गियर-क्रँक वगैरे भागांचा संच), हब, ब्रेक, सीट यांची सुटी किंमत वेगळी लिहून बेरीज करा. कधीकधी ती अख्ख्या सायकलीच्या मागणीपेक्षा जास्त भरते. मात्र सुटे भाग विकायला महिने जातात, म्हणून त्या बेरजेच्या निम्म्याच्या वर जाऊ नका.

बोलणी करताना हा कागद विकणाऱ्यासमोर ठेवा. "तुमची सायकल महाग आहे" म्हटलं की माणूस दुखावतो. हीच यादी दाखवून "यातलं काय चुकलंय सांगा" म्हटलं की तो वाचायला लागतो, आणि पुष्कळदा एखादा बदललेला भाग किंवा घरात पडलेले जुने मूळ भाग आठवून काढतो. ते भाग सोबत मागा. पैसे देण्याआधी बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक टिपून घ्या. तो खरवडलेला असेल किंवा सायकल कुठून आली हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर कागद घडी करा आणि परत फिरा.